खाजन, खेळ आणि आठवीचा वर्ग

वर्गासाठी खेळ निवडताना मी आधी एकच गोष्ट पाहते: विषय अजिबात न समजता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो माझ्या वर्गात येत नाही. मग त्यातली चित्रं कितीही देखणी असोत, आणि वर ‘शैक्षणिक’ हे लेबल कितीही ठळक असो.

पेडणे तालुक्यात, शापोरा नदीपासून जवळच असलेल्या एका हायस्कूलमध्ये मी भूगोल आणि विज्ञान शिकवते. आमची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकून येतात. पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी होतात, आणि मधल्या सुट्टीत, मैदानावर, घरी सगळं कोकणीत चालतं. त्यामुळे होतं असं, की क्षारतेची इंग्रजी व्याख्या मुलाला घडाघडा येते, आजोबांच्या खाजन शेतात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, खारं पाणी शिरलं होतं ही गोष्टही त्याला ठाऊक असते, पण ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे त्याच्या डोक्यात कधी जुळत नाही. ते जुळावं म्हणून मी खेळांकडे वळले. खेळात शब्दाआधी कृती येते. काहीतरी करायचं, मग काय होतं ते डोळ्यांनी बघायचं, आणि त्यानंतर त्याला नाव द्यायचं. तीन भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलांना हा क्रम फार मानवतो.

शोधायला बसलं की खेळांचा ढीग सापडतो. त्यातले बहुतेक एकाच साच्याचे. गाडी पळते, माकड उड्या मारतं आणि मध्येच पडद्यावर एक गुणाकार उगवतो. तो गुणाकार म्हणजे वाटेतला टोलनाका. भरायचं आणि पुढे सटकायचं. मूल खेळतं ते गाडी, गणित नव्हे. दुसरा साचा प्रश्नमंजुषेचा. जो आधी बटण दाबेल त्याला गुण जास्त. उजळणीला ठीक आहे, वर्गात आरडाओरडा होतो, मजा येते. पण विचार करून उत्तर देणारी मुलं त्यात दर वेळी मागे पडतात, आणि मला तर नेमकी तीच मुलं बोलती करायची असतात.

याउलट 2012 साली नॉर्वेत तयार झालेला ड्रॅगनबॉक्स नावाचा बीजगणिताचा खेळ पाहा. सुरुवातीला त्यात आकडे नसतातच, नुसती चित्रं. एका बाजूची पेटी एकटी पाडायची. एका बाजूला जे टाकाल ते दुसऱ्या बाजूलाही टाकावंच लागतं. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं येतात, आणि मूल समीकरण सोडवू लागतं. इथे गणिताचा नियम आणि खेळाचा नियम एकच आहे. तो न पाळता पुढे सरकताच येत नाही. अशी जोडी जुळली की मी त्या खेळावर वेळ घालवायला तयार होते.

वेळ घालवते म्हणजे आधी घरी स्वतः खेळते. एकदा नीट, आणि मग मुद्दाम हरत हरत. हरल्यावर खेळ काय सांगतो यावरून त्याची पारख चांगली होते. नुसतं ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणारा खेळ शिकवत नाही, तो फक्त थांबवतो. का हरलो हे खेळातच दिसलं पाहिजे. त्यानंतर शेजारच्या मुलांपैकी कुणाला तरी बसवते आणि काहीही न बोलता मागून बघते. ती कुठे अडतात, कुठे सूचना न वाचताच पुढे जातात, कुठे कंटाळून दुसरं काही उघडतात, हे बघून तासाची आखणी निम्मी होते. बाकीच्या बाबी रोजच्या व्यवहाराच्या: जाहिराती येतात का, मधेच पैसे मागतो का, प्रत्येक मुलाचा ईमेल लागतो का, अनोळखी माणसं चॅटवर बोलू शकतात का, नेट गेलं तर काय, आणि पिरियड संपल्याची घंटा झाली की डाव आहे तिथे जपून ठेवता येतो का. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण अर्धवट तुटलेल्या डावाची चिडचिड पुढच्या शिक्षकांच्या तासाला भोवते.

आणखी एक बघते. खेळ आमच्याच मशीनवर ठेवता येतो का? 31 डिसेंबर 2020 रोजी ॲडोबीने फ्लॅश बंद केलं आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षं वापरलेले कितीतरी ब्राउझरवरचे खेळ एका फटक्यात चालेनासे झाले. दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेल्या खेळावर वर्षभराची आखणी उभी करणं म्हणून मला पटत नाही.

अमेरिकेतल्या एका जुन्या खेळाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. 1971 साली मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच नावाचा एक प्रशिक्षणार्थी शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या लोकांच्या प्रवासाचा धडा होता. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे दोघे होऊ घातलेले गणिताचे शिक्षक. तिघांनी मिळून साधारण दोन आठवड्यांत ‘द ओरेगॉन ट्रेल’ तयार केला. पडदा नव्हताच. टेलिटाइप यंत्रावर कागदावर प्रश्न छापून यायचा आणि मुलं उत्तर टाइप करायची. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नंतर मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत काम करताना रॉविचने त्या काळच्या प्रवाशांच्या डायऱ्या वाचल्या, आणि वादळ, आजारपण वगैरे संकटं खेळात किती वेळा यावीत याचे आकडे त्यांवरून सुधारले. म्हणजे खेळ चुकीचा असू शकतो आणि शिक्षक तो खऱ्या माणसांच्या नोंदींवरून दुरुस्त करू शकतो. हे माझ्या मनात पक्कं बसलं.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आहे. राज्य सरकारच्या ‘केअर्स’ योजनेमुळे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आलं, त्यामुळे मुलांना माउस-कीबोर्ड नवा नाही आणि लॅबची मशीनं धूळ खात पडलेली नाहीत. पण मशीनं कमी, मुलं जास्त. नेट पावसाळ्यात भरवशाचं नाही. वीज तर त्याहून कमी.

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाची शाळांसाठीची आवृत्ती 2016 पासून आहे आणि तयार धडेही भरपूर आहेत. पण त्यासाठी परवाना लागतो आणि प्रत्येक मुलाचं शाळेचं खातं लागतं. आमच्या लॅबला ते झेपणारं नव्हतं. मी निवडलं लुआंटी. पूर्वी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, 2024 मध्ये ते बदललं. पेर्तू अहोला या फिनलंडच्या प्रोग्रामरने 2010 मध्ये ते सुरू केलं, आणि ते मोफत, मुक्तस्रोत आहे. तसाच ठोकळ्यांचा प्रदेश: खणा, बांधा, पेरा. जुन्या मशीनवर चालतं. मुख्य म्हणजे लॅबमधलं एक मशीन सर्व्हर केलं की बाकीची नेटशिवाय त्याला जोडली जातात. त्या एका मशीनला यूपीएस लावला की वीज गेली तरी मुलांनी बांधलेलं राहतं. आमच्या कॉम्प्युटर सरांनी हे सगळं बसवून दिलं. मुलांनी एकमेकांना मारायची सोय सेटिंगमधून बंद केली. सर्व्हरवर स्फोटकं मुळात बंदच असतात. आणि एक सोय तर शिक्षकांसाठीच केली असावी अशी: एक आज्ञा टाइप केली की मुलांच्या हातून खणण्या-बांधण्याची परवानगी काढून घेता येते. पडदा चालू, पण हात थांबलेले. माना वर, लक्ष फळ्याकडे. ज्यांनी आठवीचा वर्ग लॅबमध्ये सांभाळलाय त्यांना याचं मोल कळेल.

परवानगी मिळवणं हा वेगळाच टप्पा. आमच्या हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, ‘‘बाई, मला पटतंय. पण पालकांशी तुम्ही बोला.’’ पालकसभेत एक आई उभी राहिली. ‘‘टीचर, घरी आम्ही मोबाईल काढून घेतो, आणि शाळेत तुम्ही गेम देता?’’ प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. पालकांची भीती हवेतली नाही, हे मी आधी मान्य केलं. मग त्यांना लॅबमध्ये नेलं. नेट बंद, पैशांचा संबंध नाही, रात्री जागवणारी बक्षिसं नाहीत, तास संपला की खेळ संपला. त्या आईला मी खुर्चीवर बसवलं आणि एक बांध घालायला सांगितलं. दोन-चार ठोकळे बसल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘हो आमगेलो बांध न्हय. आमच्या बांधाला चिखल लागतो.’’ मी तेवढंच पकडलं. हेच मुलांनी म्हणायला हवंय, म्हटलं.

धडा घेतला खाजन शेतीचा. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गोव्यातल्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीच्या खाली असतात. नदीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून माती आणि दगडाचा बांध. पाण्याच्या ये-जा करण्याला मानस, म्हणजे दारं असलेलं झडपेचं बांधकाम. भरतीला नदीचं पाणी दारं दाबून बंद करतं. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, यंत्र नाही. पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन गेलं की कोरगूटसारखं खारं सोसणारं भात लावायचं. मानशीजवळ मासळी सापडते, तिची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पूर्वी हे सगळं गावकरी संस्था सांभाळत. आता अनेक ठिकाणी बांध फुटलेत आणि शेतात खारफुटी उभी आहे. आमची मुलं त्या बांधांवरून सायकली घेऊन येतात.

लुआंटीत जिंकणं-हरणं नाही. म्हणून अट मी घातली: दिलेल्या खोलगट जागेत पीक उभं करा, एका बाजूला समुद्राचं पाणी आहे. तिघांत एक मशीन. एकजण बांधणार, एकजण नकाशा धरून सांगणार, एकजण वहीत लिहिणार, आणि घंटी वाजवली की जागा बदलायच्या. हे बदलणं मी फार कडकपणे पाळते. नाहीतर ज्याच्या घरी गेम आहे तो माउस सोडत नाही, आणि मुली तासभर नुसत्या लिहीत बसतात.

वही उभी दुभागलेली. डावीकडे ‘खेळात काय झालं’, उजवीकडे ‘आपल्या गावात काय होतं’. सगळा तास मी त्या उजव्या बाजूसाठी घेते.

पहिल्यांदा एका गटाचा बांध फुटला, म्हणजे कुणीतरी एक ठोकळा काढला. ‘‘टीचर, बांध फुटलो!’’ सगळे धावले. पाणी आत आलं, पसरलं, आणि सात-आठ घरं, म्हणजे ठोकळ्याएवढ्या जागा, गेल्यावर थांबलं. पुढे कोरडं. मुलं हिरमुसली, त्यांना पूर बघायचा होता. मग एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, ‘‘अशें जायना. उदक थांबना.’’ त्याच्या घरच्या शेतात पाणी नदीइतकं चढेपर्यंत आत येतच राहिलं होतं. मी लगेच सगळ्यांचे हात थांबवले आणि त्याला फळ्यापाशी बोलावलं. त्याने खडूने नदी काढली, बांध काढला, शेत काढलं आणि दोन्हीकडे एकाच पातळीवर आडवी रेघ मारली. पाणी समपातळी गाठतं, हा विज्ञानाच्या पुस्तकातला नियम त्याने काढून दाखवला होता. खेळातलं पाणी ठरावीक अंतर जाऊन थांबतं कारण प्रोग्राममध्ये तसं लिहिलंय. खरं पाणी थांबतं ते पातळी सारखी झाल्यावर.

त्या दिवसानंतर तासाचं रूपच बदललं. खेळातलं खोटं शोधायचं, हाच खेळ झाला. मला जे मुलांना सांगायचं होतं ते खेळाच्या खरेपणातून जेवढं पोचलं, त्याहून जास्त त्याच्या खोटेपणातून पोचलं. अट एवढीच, की ते खोटं पकडण्याइतकं खरं मुलांच्या गावात, घरात, डोळ्यांसमोर असावं. आमच्याकडे ते होतं.

दुसरं खोटं दारांचं. मुलांनी मानस म्हणून बांधात लाकडी दार बसवलं. दार बंद, पाणी बाहेर. छान. ओहोटी समजून दार उघडलं, तरी पाणी हलेना. या खेळात दार उघडं असलं तरी त्याच्या घरातून पाणी जात नाही. मग खरी मानस कशी चालते यावर इतकी वादावादी झाली की एका मुलीने आजोबांनाच शाळेत आणलं. त्यांनी बांधांवर आयुष्य काढलेलं. पडद्याकडे त्यांनी शांतपणे पाहिलं, कुठल्या बाजूला नदी ते विचारलं, आणि म्हणाले, ‘‘दारां न्हंयेच्या वटेन उगडूंक जाय.’’ बस्स. दारं नदीच्या बाजूला उघडली तरच भरती त्यांना दाबून बंद करणार. आत उघडणारी असती तर भरतीनेच उघडली असती. मुलांनी पुढच्या तासाला एक परात आणली, मध्ये मातीची भिंत घातली, प्लास्टिकच्या फाइलचा तुकडा एका बाजूने चिकटवून दार केलं आणि तांब्याने पाणी ओतून बघितलं. एका बाजूने ओतलं की दार घट्ट, दुसऱ्या बाजूने ओतलं की सताड. मशीनं त्या तासाला बंदच राहिली, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

भरती-ओहोटी खेळात नाहीच. म्हणून एका मुलीला भरती केलं. तिच्या हाती बादली. वर्गात लावलेल्या कोष्टकाप्रमाणे घंटी वाजली की ती पाणी ओतणार, पुन्हा घंटी वाजली की उपसणार. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. कोष्टक बघताना तिच्याच लक्षात आलं की भरतीची वेळ रोज सारखी नसते, साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. का? तिथून चंद्राचा धडा सुरू झाला. तो माझ्या आखणीत बराच पुढे होता, अलीकडे ओढला.

तिसरं खोटं मला सर्वांत मोलाचं वाटलं. खेळात भात नाही, गहू आहे. मुलांनी त्यालाच भात म्हटलं. जमीन नांगरून पेरली. जवळ तीन घरांच्या आत पाणी असलं की माती ओली होते आणि पीक वाढतं. एका गटाने आळशीपणा करून समुद्राला लागूनच पेरलं होतं. पुढच्या तासाला बघतो तर त्यांचं पीक गुडघाभर. गोड्या पाण्याची तळी खणणाऱ्या गटांनी तक्रार केली, ‘‘टीचर, मिठाच्या उदकाचेर शेत जालें, हें बरोबर न्हय!’’ मी त्यांना विचारलं, का बरोबर नाही? ‘‘जळतं.’’ का जळतं? इथे सगळे गप्प. घरी ऐकलेलं ठाऊक होतं, कारण ठाऊक नव्हतं. मग बटाट्याच्या चकत्या. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या. तास संपता संपता मिठातली चकती वाकवली तर लवली, साध्या पाण्यातली कडक. मीठ जास्त असलेल्या बाजूला पाणी ओढलं जातं, मुळांचंही तेच होतं. परासरण हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, इंग्रजी शब्दही त्याच्या शेजारी लिहिला.

बाकीचे खेळ थोडक्यात. विद्युत परिपथासाठी मी ‘फेट’ची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वापरते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात तो प्रकल्प सुरू केला. मोफत आहेत, बरीच मराठीतही आहेत, आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. ‘स्टॉप डिझास्टर्स’ हा संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती विभागाचा खेळ मी पावसाळ्याच्या तोंडावर घेते. ठरावीक पैसे, ठरावीक वेळ, आणि मग पूर किंवा त्सुनामी येते. शेवटी किती माणसं दगावली, कुठली घरं पडली, याचा हिशेब देतो. मघाशी म्हटलं ना, हरल्यावर कारण सांगणारा खेळ, तो हा. जुलै 2021 मध्ये शापोरेला आलेला पूर या मुलांनी पाहिलाय, त्यामुळे ‘पैसे शाळेवर घालायचे की इशाऱ्याच्या भोंग्यावर’ यावर ती पोटतिडकीने भांडतात. हा खेळ नेटवर चालतो, म्हणून एका मशीनवर, प्रोजेक्टर लावून, सगळ्या वर्गाने मिळून खेळायचा. तसाच तो जास्त रंगतो.

परीक्षेचं काय, हे सगळेच विचारतात. युनिट टेस्टला मी प्रश्न बदलला. ‘खाजन शेतीची वैशिष्ट्ये लिहा’ असं न विचारता, मानशीचं एक दार उलट्या बाजूने बसवलेलं चित्र दिलं आणि येत्या भरतीला काय होईल ते विचारलं. मोडक्या इंग्रजीत, पण बाण काढून, पातळीची रेघ मारून, ज्यांच्याकडून मला दोन ओळींपेक्षा जास्त कधी मिळालं नव्हतं त्या मुलांनी उत्तरं लिहिली. भाषेचे गुण कापायचे नाहीत असं मी स्वतःपुरतं ठरवलंय. चित्र बरोबर असेल तर समजलेलं असतं.

सगळ्या धड्यांना मी खेळ लावत नाही. नकाशावाचन कागदावरच चांगलं होतं. खडकांचे नमुने हातात घेऊनच कळतात. आणि जे अर्ध्या तासात बांधावर जाऊन दिसतं त्यासाठी मशीन लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. खेळ लागतो तो जे बघायला भरती-ओहोटीचं सगळं चक्र किंवा अख्खा हंगाम थांबावं लागेल, आणि जे खरोखर फोडून बघता येणार नाही, त्यासाठी. बांध आपण फोडू शकत नाही. खेळात फोडू शकतो.

खाऱ्या पाण्यावर पिकणाऱ्या गव्हाचं प्रकरण मात्र मिटलं नाही. मुलांना ते सलत राहिलं. कॉम्प्युटर सरांनी त्यांना लुआंटीच्या शेतीच्या भागाची फाइल उघडून दाखवली. ती लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत असते, कुणालाही वाचता येते. तिथे एका ओळीत लिहिलंय, की आसपास तीन घरांत कुठलंही पाणी असेल तर माती ओली समजा. खेळात समुद्राचं पाणी आणि नदीचं पाणी असे दोन वेगळे प्रकार आधीच आहेत, फक्त शेती दोघांत फरक करत नाही. मुलांनी त्या ओळीत ‘कुठलंही पाणी’च्या जागी फक्त नदीचं पाणी घातलं. सर्व्हर पुन्हा चालू केला. समुद्रालगतच्या शेतातली माती सुकली, गहू तसाच खुरटा राहिला. लॅबमध्ये असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या.

आता ती नववीत गेली आहेत आणि त्यांना खेळात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, हव्या आहेत. कुर्ल्या बांधाला बिळं पाडतात, बिळातून पाणी झिरपतं आणि दुर्लक्ष झालं की तिथूनच बांध जातो. तेव्हा बांधातला एखादा मातीचा ठोकळा मधूनमधून आपोआप नाहीसा व्हावा, असा कोड त्यांनी लिहिलाय. चालतोही. वाद आहे तो किती वेळाने नाहीसा व्हावा यावर. एकाने मनाने आकडा घातला होता, तो बाकीच्यांनी मान्य केला नाही. म्हणून ज्यांच्या घरी खाजन आहे त्या मुलांनी बांधांची डागडुजी करणाऱ्या माणसांना विचारायचं ठरलंय: एका हंगामात किती बिळं बुजवावी लागतात, आणि बांध किती लांब आहे. पहिल्या दोन घरांची उत्तरं आली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. तिसऱ्या घरी या शनिवारी जायचंय.